दहावा माणूस

भोसरी, सातपूर, वाळूज किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत आतल्या गल्ल्यांतून चालत गेलं, की एकाच शेडच्या दारावर दोन-दोन, तीन-तीन पाट्या दिसतात. एक फर्म वडिलांच्या नावाची, दुसरी मुलाच्या, तिसरी सुनेच्या. आत मशिनं एका रांगेत, सुपरवायझर एकच, चहाची किटलीही एकच. मस्टर मात्र तीन, आणि प्रत्येक मस्टरवर आठ किंवा नऊ नावं. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये ही रीत तर कित्येक वर्षांची आहे.

अशा फोडाफोडीची कारणं अनेक असतात. भावकीची वाटणी असते, बँकेचं कर्ज असतं, कराचा हिशोब असतो. पण नऊ या आकड्याचं कारण ठरलेलं असतं. दहावा माणूस कामावर आला, की कामगार विमा आणि ग्रॅच्युइटी लागू होते. विसावा आला, की प्रॉव्हिडंट फंड. छोट्या धंद्यातल्या माणसाच्या आजारपणाची सोय कशी आणि किती होणार, हे त्याच्या आजारावर फारसं ठरत नाही. शेजारी किती माणसं काम करतात, त्यावर ते ठरतं. या प्रकरणात आपण दहाच्या अलीकडे आणि पलीकडे काय काय मिळतं ते पाहू. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. कमी पगाराच्या कामगारासाठी या देशात खऱ्या अर्थाने पूर्ण म्हणावा असा आरोग्य विमा एकच आहे. तो सत्तर वर्षांहून जुना आहे, त्याच्याविषयी तक्रारी भरपूर आहेत आणि तरीही त्याची बरोबरी दुसरी कुठलीच योजना करत नाही.

तो पूर्ण का, हे कळण्यासाठी आजारपणाचा खर्च नीट मांडून पाहावा लागतो. महिना १४ हजारांवर काम करणारा एक वेल्डर घ्या. त्याला क्षयरोग झाला, किंवा मणक्याचं ऑपरेशन करावं लागलं. हॉस्पिटलचं बिल सगळ्यांना दिसतं. नातेवाईक त्यासाठी धावतात, मालकही उचल देतो. पण ऑपरेशननंतर डॉक्टर तीन महिने वजन उचलायचं नाही म्हणतात, तेव्हा दुसरं बिल सुरू होतं. रोज एक खाडा. घरभाडं थांबत नाही, शाळेची फी थांबत नाही, किराणा दुकानदाराची वही भरत जाते. मंगळसूत्र गहाण पडतं ते बऱ्याचदा या दुसऱ्या बिलापायी. आणि तिसरी गोष्ट याहून वाईट. पैशाच्या ओढीने माणूस दीड महिन्यातच कामावर परततो आणि मणका पुन्हा जातो.

आपल्याकडे आरोग्य विमा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फक्त पहिलं बिल येतं. मेडिक्लेम तेवढंच भरतो, सरकारी आरोग्य योजना तेवढंच भरतात. दुसऱ्या बिलाचा विचार ज्यांनी केला ते लोक १९४० च्या दशकातले होते.

१९४३ मध्ये हिंदुस्थान सरकारने प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम दिलं. त्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. बाबासाहेबांना हा विषय नवा नव्हता. गिरणीत काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या काळात पगारी रजा मिळावी, म्हणून १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात ते बोलले होते आणि पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झालाही. अडारकरांनी १९४४ च्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला. कापड, इंजिनिअरिंग आणि खनिज-धातू या तीन उद्योगांपासून सुरुवात करावी, असा त्यांचा आराखडा होता. कामगाराने थोडं द्यावं, मालकाने जास्त द्यावं आणि त्या पैशातून औषधपाणी तर व्हावंच, शिवाय आजारपणात रोख रक्कमही मिळावी, हा त्याचा गाभा.

स्वतंत्र भारताच्या संसदेची पहिली निवडणूक व्हायच्या आधी, १९४८ च्या एप्रिलमध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजेच कामगार विम्याचा कायदा, झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना प्रत्यक्ष सुरू झाली. कानपूरच्या समारंभाला पंडित नेहरू होते. १९५४ मध्ये ती नागपुरात आणि मुंबईत आली. गिरणगावातल्या माणसाच्या तोंडी तेव्हापासून ‘विमा दवाखाना’ आणि ‘पॅनल डॉक्टर’ हे शब्द बसले, कारण मुंबईत वस्तीतल्या खासगी डॉक्टरांनाच नेमून कामगारांची यादी त्यांच्याकडे देण्याची पद्धत ठेवली होती. वरळी, परळ, मुलुंड, कांदिवली, अंधेरी, ठाण्याचं वागळे इस्टेट, चिंचवडचं मोहननगर, नाशिकचं सातपूर, नागपूरची सोमवारी पेठ या ठिकाणची कामगार रुग्णालयं त्याच कायद्याची लेकरं.

आता ही योजना रुपयांत कशी चालते ते पाहू. आपल्या वेल्डरची पगाराची चिठ्ठी हातात घ्या. एकूण पगार १४,०००. कपातीच्या रकान्यात ‘ईएसआय’ (कर्मचारी राज्य विमा) असं लिहिलेलं असतं आणि पुढे आकडा असतो १०५. पगाराच्या ०.७५ टक्के. त्याच महिन्यात मालकाने त्याच्या नावावर ३.२५ टक्के, म्हणजे ४५५ रुपये भरायचे असतात. दोन्ही मिळून ५६० रुपये पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे जातात. हे दर १ जुलै २०१९ पासूनचे. त्याआधी दोघांचे मिळून साडेसहा टक्के जात, ते चारवर आले. ज्याचा सरासरी रोज १७६ रुपयांपर्यंतच आहे, त्याने स्वतःचा वाटा भरायचाच नसतो. मालकाने आपला भरायचा.

वेल्डरच्या खिशातून वर्षाला १,२६० रुपये गेले. बदल्यात त्याला काय मिळालं? तो, त्याची बायको, मुलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आई-वडील यांच्यावर उपचार. सर्दी-खोकल्याच्या गोळीपासून ऑपरेशनपर्यंत, आणि खर्चाची वरची मर्यादा नाही. नोकरीला लागल्या दिवसापासून प्राथमिक उपचार सुरू. मधुमेह आधीपासूनचा होता का, हे कुणी विचारत नाही. आईचं वय ७० आहे म्हणून हप्ता वाढत नाही. खासगी विम्याच्या बाजारात या एकेका वाक्याला किंमत पडते, हे पुढे दिसेलच.

आणि मग ते दुसरं बिल. आजारी पडला आणि विमा डॉक्टरने दाखला दिला, की वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी थेट बँक खात्यात. नव्या आजारपणाचे पहिले दोन दिवस सोडून. १४ हजारांच्या पगारावर दिवसाला सुमारे ३२६ रुपये, ९१ दिवसांचे साडेएकोणतीस हजारांच्या वर. अट एवढीच, की आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. क्षय, कर्करोग, पक्षाघात अशा ३४ दीर्घ आजारांसाठी मजुरीच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते, मात्र त्यासाठी नोकरी दोन वर्षांची झालेली असावी लागते. बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण पगार. कामावर अपघात झाला तर ९० टक्के, आणि त्याला वर्गणीच्या दिवसांची अट नाही. कामावर रुजू झाला त्या दिवशी हात मशिनमध्ये गेला तरी हक्क लागू. घरून कामावर जाताना रस्त्यात झालेला अपघातही यात धरला जातो. कामावर मृत्यू झाला तर कुटुंबाला दरमहा पेन्शन. नोकरी गेली तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेखाली काही अटींवर ९० दिवसांपर्यंत निम्मी मजुरी.

ही यादी मी मुद्दाम लांबवली, कारण ज्या कामगारांच्या चिठ्ठीवर १०५ रुपये कापलेले दिसतात, त्यातल्या अनेकांना यातल्या रोख रकमांविषयी कुणीच सांगितलेलं नसतं. दवाखाना माहीत असतो. दाखला घेतला तर खात्यात पैसे येतात, हे माहीत नसतं. शेजारचा सांगतो, ‘ते आपल्याला नाही मिळत’, आणि विषय संपतो.

मालकाच्या बाजूनेही हिशोब करायला हवा. छोटा कारखानदार हा खलनायक नाही. मोठ्या कंपनीकडून त्याला तीन-तीन महिने बिलं मिळत नाहीत, आणि शनिवारी मजुरी मात्र द्यावीच लागते. १२ माणसं, सरासरी १४ हजार पगार, म्हणजे महिन्याला १ लाख ६८ हजार मजुरी. त्यावर त्याचा वाटा ५,४६० रुपये, वर्षाला साडेपासष्ट हजार. ही रक्कम त्याला जाणवते, यात शंका नाही. पण त्याला एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. कामगार विम्याखाली असलेल्या माणसाला कामावर अपघात झाला, तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकावरून महामंडळावर जाते. बाळंतपणाच्या रजेचा पगारही मालकाला द्यावा लागत नाही. विमा नसलेल्या शेडमध्ये प्रेसखाली एखाद्याची चार बोटं गेली, तर भरपाई मालकाच्या खिशातून. माणूस दगावला तर ती रक्कम कित्येक लाखांत जाते, आणि दोन मशिनं विकूनही भरत नाही. साडेपासष्ट हजारांत मालक स्वतःचाही विमा उतरवत असतो. मालक संघटनांच्या बैठकीत हे सर्वात आधी सांगितलं जायला हवं.

मग तो नऊवर का थांबतो? पैशापेक्षा भीती मोठी असते. एकदा कायदा लागू झाला, की पुढे माणसं कमी होऊन सहा राहिली तरी तो लागूच राहतो. आत गेलो की मागची पाच वर्षं उकरतील, इन्स्पेक्टर येत राहतील, व्याज-दंड लागेल, ही धास्ती खरी आहे. महामंडळानेही ती ओळखली. २०२५ च्या जुलैपासून काही महिने, मागची थकबाकी न विचारता नोंदणी करून घेण्याची मुभा दिली गेली. अशी मुभा अधूनमधून न देता कायमची असावी. जो स्वतःहून दार ठोठावतो त्याला आधी आत घ्यावं, मागचे हिशोब फसवणूक दिसली तरच काढावेत.

मोजणीतही लोक चुकतात. दहा माणसं मोजताना ठेकेदाराची माणसं धरायची असतात. २१ हजारांहून जास्त पगाराचा फोरमन विम्यात येत नाही, पण मोजणीत येतो. सात कामगार, एक फोरमन, एक अकाउंटंट आणि ठेकेदाराचा एक हेल्पर मिळून दहा होतात. आणि कामगाराच्या पगारातून कापलेले १०५ रुपये मालकाने भरलेच नाहीत, तर तो कायद्याने विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा ठरतो. पैसे कापून न भरणारा आणि मुळातच नोंदणी न करणारा, यांत पहिला कामगाराला अधिक घातक, कारण चिठ्ठी पाहून कामगार निर्धास्त राहतो.

आता तक्रारी. त्या खऱ्या आहेत आणि त्या झाकून या योजनेची बाजू मांडता येणार नाही. दवाखान्याची वेळ कामाच्या वेळेशी जुळत नाही, म्हणजे औषधाला जायचं तर अर्धा खाडा. औषध संपलेलं असतं, बाहेरून घ्या म्हणतात आणि बिलाचा परतावा महिनोन् महिने येत नाही. सोनोग्राफीला दुसऱ्या ठिकाणी पाठवतात, तिथून तिसऱ्या. महाराष्ट्रात बहुतेक रुग्णालयं राज्य सरकारच्या सोसायटीकडे आणि पैशाची तिजोरी केंद्राच्या महामंडळाकडे. लिफ्ट बंद पडली तरी दोघांत पत्रं फिरतात. अंधेरीच्या कामगार रुग्णालयाला १७ डिसेंबर २०१८ रोजी आग लागली आणि उपचारासाठी आलेली माणसं तिथे मृत्युमुखी पडली. कामगारांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या इमारतीत हे घडलं, याची लाज सगळ्या व्यवस्थेला वाटायला हवी. पुढच्याच वर्षी वर्गणीचा दर साडेसहावरून चारवर आणला गेला. तो कमी करण्याऐवजी त्याच पैशात दवाखाने संध्याकाळी उघडे ठेवले असते, औषधांची कपाटं भरली असती, तर कामगार आणि मालक दोघांनीही वर्गणी आनंदाने दिली असती, असं माझं ठाम मत आहे. वर्गणी जड असल्याची तक्रार मी कामगाराच्या तोंडून क्वचितच ऐकली. वर्गणी वाया जाते, ही मात्र नेहमी ऐकली. म्हणूनच अनेक कामगार मालकाला सांगतात, ‘ते कापू नका, हातात द्या.’ आणि मालकाला हेच हवं असतं.

दहाच्या अलीकडे राहिलेल्यांचं काय? किराणा दुकानातला पोऱ्या, सलूनमधला कारागीर, चार टेबलांच्या खानावळीतली पोळ्या लाटणारी बाई, गॅरेजमधला मेकॅनिक, घरकाम करणाऱ्या बायका. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी मोठा आधार आहे तो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. पूर्वी वर्षाला कुटुंबामागे दीड लाखांपर्यंत उपचार होते आणि पिवळ्या-केशरी रेशनकार्डाची अट होती. २०२४ पासून मर्यादा ५ लाख झाली आणि पांढऱ्या कार्डाची कुटुंबंही त्यात आली. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ ची, तिचीही मर्यादा ५ लाख. दोन्ही योजना राज्यात एकत्र चालतात. फरक एका जागी महत्त्वाचा. बिहार किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगाराकडे आयुष्मान कार्ड असेल, तर ते पुण्यातल्या यादीतल्या रुग्णालयातही चालतं. राज्याची योजना मात्र महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी आहे. त्यामुळे परराज्यातल्या हेल्परला कामावर ठेवताना त्याच्याकडे आयुष्मान कार्ड आहे का, एवढं विचारलं तरी मालकाने मोठं काम केलं असं होईल. ७० वर्षांच्या आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न न पाहता, २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मानचं वेगळं कार्ड मिळतं.

या योजनांनी हृदयाची ऑपरेशनं, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार गरिबांच्या आवाक्यात आणले, हे मनापासून मान्य करायला हवं. मात्र त्या कुठे थांबतात तेही कळायला हवं. उपचार यादीतला हवा, रुग्णालय यादीतलं हवं आणि बहुतेक वेळा दाखल होण्याची गरज हवी. महिन्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या, मुलाचा ताप, दाढदुखी यात येत नाही. मजुरी तर नाहीच. दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी जावं. आधी रोख पैसे भरून मागाहून योजनेत बसवा म्हटलं, तर फार कठीण जातं. रुग्णालय यादीत आहे की नाही, हे राज्य योजनेच्या १५५३८८ आणि आयुष्मानच्या १४५५५ या क्रमांकांवर विचारता येतं.

ज्या मालकाला नऊ माणसांसाठी काही करावंसं वाटतं, त्याच्याकडे एजंट येतो तो ग्रुप मेडिक्लेम घेऊन. साधारण सात माणसांपासून गटाची पॉलिसी मिळते. एकट्याच्या पॉलिसीपेक्षा ती चांगली, कारण गटात आधीपासूनच्या आजारांना सहसा पहिल्या दिवसापासून संरक्षण देतात. एकट्याच्या पॉलिसीत त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पण वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी २०२५ च्या सप्टेंबरमध्ये माफ झाला आणि गटाच्या पॉलिसीवर तो १८ टक्के तसाच राहिला. छोट्या मालकाने कामगारांसाठी पॉलिसी घ्यावी असं सरकारला वाटत असेल, तर हा कर आधी जायला हवा. शिवाय कामगाराने नोकरी सोडली की संरक्षण संपतं.

स्वस्तातल्या पॉलिसीत सर्वात जास्त फसगत खोलीच्या भाड्यात होते. २ लाखांची पॉलिसी आहे, खोलीची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे २,००० रुपये. रुग्णालयात त्या दराचा बेड रिकामा नाही, म्हणून ४,००० ची खोली घेतली. चार दिवसांनी १ लाखाचं बिल आलं: खोली १६,०००, डॉक्टर-ऑपरेशन थिएटर-नर्सिंग ६०,०००, औषधं २४,०००. माणसाला वाटतं, खोलीचे वरचे ८,००० आपल्या खिशातून जातील, बस. पण खोली मर्यादेच्या दुप्पट घेतली म्हणून कंपनी डॉक्टर आणि थिएटरचा खर्चही निम्माच मंजूर करते. खोलीचे ८,०००, त्या साठातले ३०,००० आणि औषधांचे २४,००० असे ६२,००० मिळतात. डिस्चार्जच्या काउंटरवर ३८,००० भरा म्हणतात. १४ हजार पगारवाल्याकडे ते कुठून येणार? म्हणून पॉलिसी घेताना हप्त्याच्या आधी विचारा, खोलीला मर्यादा आहे का. मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग असली तरी तीच घ्या.

दोन गैरसमज जाता जाता दूर करतो. बँक खात्यातून दरवर्षी २० रुपये कापले जातात ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना. ती अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी २ लाखांपर्यंत देते. ४३६ रुपयांची जीवन ज्योती योजना मृत्यूनंतर वारसाला २ लाख देते. दोन्ही घ्याव्यात अशाच आहेत, पण यांतली एकही हॉस्पिटलचं बिल भरत नाही. आणि कारखान्याची ‘वर्कमेन’ पॉलिसी फक्त कामामुळे झालेली इजा आणि कामाशी जोडलेले काही ठरावीक रोग बघते. कामगाराच्या अपेंडिक्सशी तिचा संबंध नाही.

मालक एक नसेल, किंवा मालकच नसेल, तिथे काय करता येतं, याचे महाराष्ट्राने फार मोलाचे प्रयोग केले आहेत. माथाडी कामगार सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्यावर. त्याचा मालक कोण? अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला आणि त्याने उत्तर दिलं: जो माल उतरवून घेईल तो. मजुरीवर ठरावीक लेव्ही व्यापाऱ्याने मंडळाकडे भरायची आणि मंडळाने कामगाराची सुट्टी, निधी, दवाखाना पाहायचा. पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनेही हमालांचा हक्क याच वाटेने भक्कम केला. मालकाचा पत्ता नसला तरी कामाचा पत्ता असतो, आणि वर्गणी कामावर बसवता येते, हे या कायद्याने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी दाखवलं. आज मोटारसायकलवर पार्सल पोचवणाऱ्या मुलांबद्दल हाच प्रश्न पडला आहे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के वाटा द्यावा अशी तरतूद आहे. कल्पना माथाडी कायद्याच्याच वंशातली.

दुसरा प्रयोग वर्धा जिल्ह्यातला. १९८० च्या सुमारास सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत आरोग्य विमा सुरू केला आणि हप्ता घेतला ज्वारीत. सुगीच्या वेळी ज्याची जमीन जास्त त्याने जास्त ज्वारी द्यायची, भूमिहीनाने थोडी. उपचार मात्र गरजेप्रमाणे. गावातली बहुतेक घरं आली तरच योजना, ही अट होती, कारण फक्त आजारी माणसंच सभासद झाली तर कुठलाही विमा बुडतो. पुण्या-मुंबईच्या वस्त्यांतल्या बायकांसाठी अन्नपूर्णा परिवारानेही आपसांतल्या वर्गणीवर आजारपणाचा निधी चालवला आहे. भिशी चालवणाऱ्या बायकांना हे शिकवावं लागत नाही.

असं असलं तरी दहा हजार ठिकाणी दहा हजार छोटे निधी काढून राज्यभरच्या कामगारांचं आजारपण भागणार नाही. मोठं काम मोठ्या योजनेनेच व्हायचं, आणि ती आपल्याकडे आहे. तिचा उंबरठा वेळोवेळी खाली आला आहे. १९४८ च्या कायद्यात वीज वापरणारे २० माणसांचे कारखाने होते. २०१० मध्ये वीज असो वा नसो, १० माणसं झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने आणखी दोन दारं उघडली आहेत. सरकारने धोकादायक म्हणून जाहीर केलेल्या कामात एक माणूस असला तरी विमा लागू करता येतो. आणि दहापेक्षा कमी माणसं असलेला मालक, बहुसंख्य कामगारांच्या संमतीने, स्वतःहून योजनेत येऊ शकतो. सहा माणसांच्या पावडर कोटिंगच्या शेडला, चार कारागिरांच्या बेकरीला हे दार आज खुलं आहे.

पगाराची मर्यादा मात्र १ जानेवारी २०१७ पासून २१ हजारांवर अडकून पडली आहे. तेव्हापासून मजुरी वाढली, महागाई वाढली. २१,५०० वर गेलेला मशिन ऑपरेटर सहामाही संपली की कुटुंबासकट विम्याबाहेर जातो. पाचशे रुपयांची पगारवाढ घेऊन तो दरमहा त्याहून किती तरी मोठं संरक्षण गमावतो, आणि बाजारातली पॉलिसी त्याला परवडत नाही. ही मर्यादा तातडीने वाढायला हवी आणि दरवर्षी महागाईप्रमाणे आपोआप वाढायला हवी. माणसांचा आकडाही दहावरून एकवर यायला हवा.

तोपर्यंत ज्याच्या चिठ्ठीवर ‘ईएसआय’ची कपात दिसते, त्याने आपला आयपी नंबर, म्हणजे विमा क्रमांक, मालकाकडून मागून घ्यावा, महामंडळाच्या वेबसाइटवर आपल्या नावावर दर महिन्याची वर्गणी जमा होते का ते पाहावं, कुटुंबातल्या सगळ्यांची नावं पेहचान कार्डावर चढवून घ्यावीत आणि आजारी पडला तर औषधाबरोबर दाखलाही मागावा. दाखल्याशिवाय मजुरीचे पैसे मिळत नाहीत.